वस्तीवर न भरलेलं गोधडी शिबिर

विहीणबाई, तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले, आणि माझं तुमच्याशी भांडण अजून संपलेलं नाही. भांडण कसलं, तर आपल्या गोधडी शिबिराचं. माझ्या नगरच्या दहा मैत्रिणी, तुमच्या वस्तीवरच्या सात-आठ बायका, तुमचं अंगण आणि पाच दिवस. दिवाळीपासून आपण बेत करत होतो. इतकं बोलायचो की तुमची लेक मनीषा वैतागून म्हणायची, लग्न ठरवताना दोघी एवढ्या बोलला असतात तर बरं झालं असतं. ते शिबिर झालं नाही. तारीख मी पुढे ढकलली आणि नवी तारीख यायच्या आत तुम्ही गेलात. दुपारी भाकरी खाऊन आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. असं जातात का कुणी, न सांगता?

भांडणं मला सोपं जातं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलं, ओरडण्यातच जन्म गेला. माफी मागायची मात्र सवय नाही. तुमची माफी मागायची राहिली आहे, विहीणबाई. ती मागावी म्हणूनच कागद पुढे घेतला आणि बघा, सुरुवात पुन्हा भांडणानेच झाली. जरा धीर धरा. येते मी त्याच्यावर.

आपली सोयरीक काही आपण जुळवलेली नव्हती. माझा अभिजित आणि तुमची मनीषा एमआयडीसीत एका कंपनीत कामाला, त्यांचं त्यांनीच ठरवलं. लग्न कोरोनातलं, तुमच्याच दारात, मोजून वीस माणसांत. माझ्या बाजूने माझी एकही मैत्रीण नव्हती. रुखवतात तुम्ही एक गोधडी मांडली होती. लाल काठाची, मधे जांभळ्या लुगड्याचे चौकोन. मी ती घरी आणली आणि घडीसुद्धा न मोडता माळ्यावर टाकली. मनात म्हटलं, जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कुणी लेकीला देतं का! शिवणाची बाई मी, आणि हाताने शिवलेली वस्तू न बघता टाकून दिली.

नात झाली, बाळंतपणाहून मनीषा परत आली आणि तिने ती माळ्यावरून काढली. पोर दुसऱ्या कशावर झोपेचना. एकदा धुऊन दोरीवर टाकली होती, तेव्हा सहज मी ती उलटी करून बघितली. मुलींचं शिवण मी कायम उलट बाजूने तपासायची, सुलट बाजू कुणालाही साधते. तुमच्या गोधडीची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, मला सांगता येईना. गाठ सापडेना. टाका तांदळाएवढा, आणि चारी कडांनी सुरू होऊन फिरत फिरत मध्यापर्यंत गेलेला, एक ओळ वाकडी नाही. मी दोरीपाशी अर्धा तास उभी होते. मग मला स्वतःचीच फार लाज वाटली. त्या लाजेचा उपयोग झाला. पुढे दुसरी एक लाज माझ्या वाट्याला यायची होती, तिचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

पुढच्याच रविवारी मी एसटीने मिरजगावला उतरले आणि रिक्षा करून तुमच्या वस्तीवर आले. न कळवता. तुम्ही गोठ्यात होतात. मला एकटीला बघून तुमच्या हातातली पाटी खाली पडली. "काय झालं, बाई? मनीषाचं काय चुकलं का?" मुलाची आई अशी अचानक दारात उभी राहिली की मुलीच्या आईच्या मनात पहिलं हेच येतं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मी म्हटलं, "काही चुकलेलं नाही. मला गोधडी शिकवा." तुम्ही ओट्यावर बसलात. पदराने तोंड पुसलंत. मग हसायला लागलात ते थांबेचना. "आगं बया! मला वाटलं, लेक माघारी आली."

त्या दिवशी तुम्ही मला शिकवलंत म्हणजे माझी अख्खी ओळ उसवलीत. माझा धावदोरा! शाळेच्या प्रदर्शनात ज्याला बक्षिसं मिळाली तो! तुम्ही त्यावरून नुसतं बोट फिरवलंत आणि म्हणालात, "लांब हायेत वो बाई टाके. ह्याच्यात लेकराच्या पायाचं बोट आडकंल." मी तीस वर्षं टाका सरळ आहे का हे बघितलं. त्या टाक्याखाली कुणीतरी झोपणार आहे, त्याचे पाय हलणार आहेत, हे एकदाही शिकवलं नाही. तुमच्यावर चिडले होते मी. रागारागाने पुन्हा शिवलं. तुम्ही पुन्हा उसवलंत. तिसऱ्यांदा म्हणालात, "आता झोपंल पोरगी." एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही एका फडक्यात वीस सुया ओवून पाठवल्या होत्या. डोळ्याला त्रास नको, पण हात रिकामा राहायला नको म्हणून. डॉक्टरांनी महिनाभर शिवू नका म्हणून सांगितलं होतं. मी आठव्या दिवशीच सुरू केलं, आणि दोष तुमच्यावर ढकलला.

शिबिराचं तुमच्याच तोंडून निघालं. दिवाळीत मी फोनवर सांगत होते की कॉलनीतल्या बायका ती गोधडी बघून वेड्या झाल्या आहेत, शिकव म्हणतात. तुम्ही म्हणालात, "मंग घिऊन या की समद्यांना. आमाला तरी कवा नगरच्या बाया बगायला मिळायच्या?" मी लगेच वही काढली. तुम्हाला माझी वही ठाऊक आहे. पहिलं पान वेळापत्रक. सकाळी नऊ ते अकरा, सत्र पहिले, टाक्यांची ओळख. साडेअकरा ते एक, सत्र दुसरे. मी वाचून दाखवत होते आणि पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं फोन कटला. तुम्ही हसू दाबत होतात.

"बाई, हे टायमावर कसं व्हायचं? हात शिवशिवला की बसायचं, मान आवघडली की उठायचं."

"अहो, मग शिबिर कशाला म्हणायचं त्याला?"

"नका म्हनू. बाया आल्यात म्हनू."

उद्घाटन कुणाच्या हस्ते करायचं यावरून आपलं असंच झालं. मी दोन नावं काढली होती, तुम्ही म्हणालात, सुईत दोरा ओवला की झालं उद्घाटन. प्रशस्तिपत्रकं द्यायची म्हटल्यावर विचारलंत, ती कुठं लावायची असतात? मैत्रिणींची गुडघेदुखी सांगून मी टेबलं भाड्याने आणू म्हटलं, तेव्हा मात्र तुम्हाला राग आला. "टेबलावर गोधडी? मंग भाकरी बी खुर्चीवर बसून थापायला लावा त्यांना!" गोधडी जमिनीवर ताणून अंथरायची, तिच्यावरच बसून चहूबाजूंनी आत आत शिवत यायचं, म्हणजे शेवटी सगळ्या बायका मध्यावर एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून येतात. तेच तर सगळं आहे, असं तुम्ही म्हणालात. मी वहीत लिहिलं, टेबले रद्द.

कापडावरून मात्र मिटलंच नाही. मी नगरच्या कापड बाजारातून नवं सुती कापड आणून ठेवलं होतं. माझं म्हणणं, शहरातल्या बायका कुणाची नेसून जुनी झालेली लुगडी अंगाखाली घेणार नाहीत. तुमचं म्हणणं, नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, टाका ओढून धरतं आणि अंगाला टोचतं. "वापरून वापरून मऊ झालेलं पायजे, बाई. त्याला दुसरं औषध न्हाई." मी म्हटलं, तुम्हाला शहरातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, "व्हय, ते तर न्हाईच कळत." फोन ठेवलात. दोन दिवसांनी पुन्हा आपला फोन सुरू. ते कापड अजून माझ्या कपाटात आहे. मी त्यातला एक तुकडा परवा धुऊन बघितला. आटला.

आणि तो कमोड! एकदा मी नुसतं बोलले होते की गायकवाड मॅडमना खाली बसवत नाही. मॅडम आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, दोन्ही गुडघे गेलेले, दर रविवारी चर्चला जातात त्यासुद्धा काठी टेकत. मी बोलून विसरले. तुम्ही मार्गशीर्षात गवंडी लावून न्हाणीशेजारी खोली बांधून घेतलीत आणि वस्तीवरचा पहिला कमोड बसवलात. चार घरच्या बायका तो बघायला आल्या आणि तुमच्या जाऊबाई कांताबाई त्यावर लुगड्यासकट बसून बघून गेल्या, हे तुम्ही मला फोनवर सांगितलंत तेव्हा मी हसून हसून रडले. कुणी पाहुण्यांसाठी एवढं करतं का हो? तेही न पाहिलेल्या!

संक्रांतीनंतरचे पाच दिवस ठरले होते. तेव्हा खुरपणं झालेली असतात, ज्वारी काढायला अवकाश असतो, बायकांचे हात मोकळे असतात. विहिरीलाही पाणी असतं. तुम्ही सगळा हिशोब डोक्यात करून तारीख दिली होती. माझ्या वहीतली ती एकच गोष्ट न भांडता ठरली होती.

आता ते सांगते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मनीषाने केलं होतं. तुम्ही सकाळच्या एसटीने आलात. हुरड्याची पिशवी, शेंगा, तिळाचे लाडू, आणि नातीला झबलं. नात होईपर्यंत आमच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या तुम्ही, आता कुठे हक्काने स्वयंपाकघरात जायला लागला होतात. संध्याकाळी बायका यायला लागल्या, शिबिराच्या यादीतल्या दहाहीजणी, काठी टेकत गायकवाड मॅडमसुद्धा. तुम्ही नऊवारीचा काष्टा घालून दाराजवळ खाली बसलात आणि तिळगुळाच्या पुड्या भरून द्यायला लागलात. मी वर बसा म्हटलं नाही. लक्षात आलं नाही, असं लिहिणार होते. आलं होतं लक्षात.

आमच्या कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई होत्या. शिबिराच्या यादीत त्यांचंही नाव होतं. त्यांनी तुमच्याकडे बघून मला विचारलं, "ह्या कोण? नवीन बाई लावलीत का कामाला?"

मी म्हटलं, "नाही हो. गावाकडच्या आहेत."

एवढंच. चार शब्द. माझ्या विहीणबाई आहेत, असं म्हणायला जीभ रेटली नाही. तुमच्या भेगाळलेल्या टाचा मला दिसत होत्या. तुम्ही एका हाताच्या अंतरावर होतात. तुमची मान वर झाली नाही. पुडी भरली, दोरा गुंडाळला, पुढची घेतली. त्या बाई तुम्हालाच म्हणाल्या, "जरा पाणी देता का?" आणि तुम्ही उठलात, माझ्या स्वयंपाकघरातून तांब्या-भांडं आणलंत आणि त्यांना पाणी दिलंत. मी बघत होते. मनीषा आत अत्तरदाणी शोधत होती, तिला यातलं काही माहीत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परत गेलात. निघताना नेहमीसारखं म्हणालात, "येते, विहीणबाई. आठ दिसांनी या समद्या."

मी आले नाही, कुणाला येऊ दिलं नाही. आता तुम्हाला खरं कारण सांगते. शिबिराला आलं की तुमच्या अंगणात पाय ठेवल्याबरोबर त्या दहाजणींना कळणार होतं, हे मनीषाचं माहेर आहे, आणि ह्यांनीच त्या दिवशी पाणी दिलं. तोवर मी त्यांना नुसतं 'कर्जत तालुक्यात एक गोधडीवाल्या बाई आहेत' असं सांगून ठेवलं होतं. माझ्या विहिणीचं पत्र्याचं घर, शेणाने सारवलेली जमीन, तुमचं 'हाय' आणि 'न्हाई', हे सगळं त्यांना एकदम दिसणार होतं. मला लाज वाटत होती. गोधडीवाल्या बाईंकडे जायला मला अभिमान वाटत होता, विहीणबाईंकडे न्यायला लाज वाटत होती. बाई एकच.

तुम्हाला फोनवर सांगितलं की दोघीतिघींकडे पाहुणे येणार आहेत, पाडव्यानंतर ठरवू. खोटं होतं. कुणाकडे कुणी येणार नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "बाई, नका हो मागं टाकू. उन्हाळ्यात वस्तीला पानी न्हाई. घरच्यापुरतं आमी भागवतो, पन धा बायांना कुटून आनू?"

"बघू हो. नगरहून जार आणू."

"आन ज्वारी काढनीला आली मंजी कोन बसतंय?"

"बघू म्हटलं ना."

 तुम्ही म्हणालात, "बरं. तुमी म्हनाल तसं." तुम्ही 'तुमी म्हनाल तसं' म्हणालात की मला नेहमी वाटायचं, चला, पटलं एकदाचं. मुलाच्या आईपुढे मुलीची आई दुसरं काय म्हणणार, हे मला कळायला तुमचा तेरावा उजाडावा लागला.

आपलं शेवटचं नीट बोलणं ते. नंतर दोन-तीनदा फोन झाले, नातीच्या खोकल्याचे. शिबिराचं नाव तुम्ही काढलं नाहीत. मीही नाही.

मनीषाला दुपारी फोन आला तेव्हा मी बाजरी निवडत होते. ती ओरडली नाही. फोन हातात धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझी आई गेली." विहीणबाई, त्या पोरीचा तो आवाज मी या जन्मी विसरणार नाही.  वस्तीवर पोचलो तर मनीषाचे वडील, तात्या, खाटेवर बसले होते, माणसांकडे बघत होते आणि ओळखत नव्हते. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. त्याच अंगणात. मी तुमच्या पायांशी बसले. टाचांना कुणीतरी तेल लावलं होतं.

दहाव्याला कांताबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं. कणगीशेजारी गाठोडी रचलेली होती. दहा. जुनी लुगडी, धुऊन, शिवण उसवून, काठ वेगळे काढून, सारख्या आकाराचे तुकडे करून बांधलेली. प्रत्येकीचा रंग वेगळा. "ही हिरवी त्या काठीवाल्या मास्तरीनबाईची," कांताबाई म्हणाल्या. "ही गुलबाक्षी कुना जोशीनबाईची. तुमीच सांगितलं व्हतं म्हनं फोनवर, कुनाला काय आवडतं ते." मी कधी सांगितलं होतं? गप्पांत बोलले असेन. तुम्ही वही न घेता सगळं लक्षात ठेवलं होतंत. शिबिर पुढे गेल्यावरही तुम्ही ही गाठोडी सोडली नव्हतीत, दर आठ दिवसांनी उन्हात घालत होतात, कसर लागू नये म्हणून.

मी मोजली. दहाच होती. मी विचारलं, "माझं नाही काढलं?"

कांताबाई म्हणाल्या, "तुमचं न्हाई. म्हनली, विहीणबाई आन मी एकाच गोधडीवर बसू, येगळं कशाला."

मी तिथेच कणगीला टेकून रडले. बाहेर बायकांना वाटलं असेल, काय जीव होता विहिणीवर! होता हो. होताच. तोच तर त्रास आहे. जीव नसता तर लाज वाटण्याला निदान काही अर्थ तरी होता.

तेराव्याला मी माझ्या मैत्रिणींना कळवलं नव्हतं. काय म्हणून कळवणार? तरी दुपारी एक गाडी बांधावरून आत आली आणि गायकवाड मॅडम काठी टेकत उतरल्या. मागून आणखी चौघी. त्या नव्या बाईसुद्धा.  कांताबाई मला म्हणाल्या, "कोन वो ह्या?" अंगणात पन्नास माणसं होती. मी उभी राहिले. शाळेत बोलायची तशा आवाजात म्हटलं, "ह्या माझ्या नगरच्या मैत्रिणी. आणि मॅडम, ज्यांच्याकडे आपण येणार होतो त्या छबूबाई माझ्या विहीणबाई होत्या. माझ्या सुनेच्या आई."

मला वाटलं होतं, त्या दचकतील. त्या नव्या बाई मान खाली घालतील. कुणी दचकलं नाही. मॅडमनी फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मनीषापाशी जाऊन बसल्या.

येताना मी त्यांच्याच गाडीत बसले. मिरजगाव मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं." हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतात, तिथे मॅडम भेटल्या होत्या. हिरवा रंग पोपटी चालेल का गडद हवा, हे तुम्ही त्यांना विचारलंत. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुम्ही मनीषाच्या कोण? तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं. आई, म्हणालात. मॅडमना आदल्या दिवशीचं सगळं आठवलं. त्या माझ्यावर संतापल्या. म्हणाल्या, मग त्यांनी असं का सांगितलं, मी विचारते त्यांना.

तुम्ही मॅडमचा हात धरलात. "नका हो काय बोलू त्यांना. मी गावाकडचीच हाय की. त्यात खोटं काय बोलल्या त्या?"

आणि मग म्हणालात, "शिबिराला आल्या की त्यांच्या त्याच सांगत्याल. तवर तुमी कुनी म्हाईत हाय म्हनू नका. वशाळतील."

मॅडमनी दहाही जणींना तसं बजावून ठेवलं. तुम्ही गेल्याचं त्यांना अभिजितने कळवलं होतं. सव्वा महिना माझ्या मैत्रिणी माझ्याशी बोलत होत्या, हसत होत्या, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी ओशाळू नये म्हणून माझं खोटं तुम्ही सांभाळत बसला होतात. तिकडे गाठोड्यांना ऊन दाखवत होतात, आणि इकडे मी पाडव्याचं बघू म्हणत होते.  त्या नव्या बाई पुढच्या सीटवर होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "मी त्यांना पाणी मागितलं हो." आणि रडायला लागल्या. त्यांनी तुमची माफी मागून टाकली. मला तेवढंही जमलं नाही.

मैत्रिणी आता म्हणतात, पुढच्या संक्रांतीनंतर जाऊ, छबूबाईंनी काढलेल्या गाठोड्यांच्याच गोधड्या शिवू. कांताबाई हो म्हणाल्या आहेत. होईल ते. मी वही मैत्रिणींकडे देऊन टाकली.

काल दुपारी मी मनीषाला सगळं सांगितलं. ती नातीचे कपडे घडी करत होती. हळदीकुंकू, त्या बाईंचा प्रश्न, माझे चार शब्द, पाण्याचा तांब्या, पाहुण्यांचं खोटं कारण, सगळं. काहीही लपवलं नाही. मला वाटलं, ती रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने घड्या पुऱ्या केल्या. कपडे कपाटात ठेवले. दाराशी जाऊन पाठमोरीच म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग, आई? तिला सांगायचं होतंत."

बरोबर आहे तिचं. म्हणून सांगते आहे.

विहीणबाई, त्या बाई विचारताहेत, ह्या कोण. ऐका, मी काय सांगते आहे ते. ह्या छबूबाई. माझ्या विहीणबाई. मला शिवायला यांनी शिकवलं. आणि तुम्ही तिथे दारात खाली काय बसलात? ठेवा त्या पुड्या. उठा. इथे वर या, माझ्याशेजारी बसा. पाणी मी आणते.